मान्यतेचा अधिकार दिला, म्हणजे लंडनने नेमकं काय दिलं?

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: "ली आयोगाच्या 1924 च्या अहवालानंतर भारतमंत्र्याने बऱ्याच वरिष्ठ नेमणुकांचा आणि त्यांना मान्यता देण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारला आणि प्रांतांना दिला, असं पुस्तकात वाचलं. मग 1947 पर्यंत आय.सी.एस. अधिकारी भारतमंत्र्याचेच नोकर होते, असं दुसऱ्या पुस्तकात का लिहिलं आहे? दोन्ही खरं कसं असेल?"

दोन्ही खरं आहे. (भारतमंत्री म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारा लंडनमधला ब्रिटिश मंत्री, आय.सी.एस. म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस, आणि ली आयोग म्हणजे वरिष्ठ सरकारी सेवांचा विचार करायला नेमलेला आयोग.) मी तीस वर्षांहून जास्त काळ आस्थापना शाखेत काढली आहेत, नेमणुका, ज्येष्ठता, विभागीय चौकशा, अपिलं यांच्याच फाइलींत. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात हा विषय दोन ओळींत उरकलेला दिसला की मला राहवत नाही. एखाद्या पदाबाबतचा "अधिकार" ही एक वस्तू नसते. नेमणूक कोण करतो हा एक अधिकार. नेमणुकीचे नियम कोण करतो हा दुसरा. पगार कोण ठरवतो, बदली कोण करतो, काढून कोण टाकतो, अपील कोणाकडे जातं, हे सगळे वेगळे. लंडनने यातला पहिला अधिकार थोडा थोडा खाली दिला. बाकीच्यांपैकी बरेचसे शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवले. हे एकदा लक्षात आलं की दोन पुस्तकांतला विरोध मिटतो.

आधी "मान्यता" हा शब्द कायद्यात कुठून आला ते बघा. 1861 च्या इंडियन सिव्हिल सर्व्हिस अ‍ॅक्टने कलेक्टर, जज्ज, सचिव अशा वरच्या पदांची एक अनुसूची केली आणि ती पदं करारबद्ध सनदी नोकरांसाठी राखून ठेवली. हे नोकर म्हणजे 1855 पासून लंडनच्या खुल्या परीक्षेतून निवडलेले तरुण. पण प्रत्यक्षात माणसं कमी पडत आणि इथली सरकारं बाहेरच्या माणसांना नेमून मोकळी होत. म्हणून त्याच कायद्यात एक वाट ठेवली. विशेष परिस्थितीत इथलं सरकार बाहेरचा माणूस नेमू शकेल, मात्र तो किमान सात वर्षं हिंदुस्थानात राहिलेला असला पाहिजे. नेमणूक तात्पुरतीच राहील. ती लगेच कारणांसह भारतमंत्र्याला कळवायची. भारतमंत्र्याने आपल्या कौन्सिलच्या (सल्लागार मंडळाच्या) बैठकीत बहुमताने तिला मान्यता दिली आणि बारा महिन्यांच्या आत तसं कळवलं तरच ती टिकणार; नाही तर रद्द.

ज्याने सरकारी कचेरीत काम केलं आहे त्याला यातली गोम चटकन कळेल. ही आपली "कार्योत्तर मान्यता"च (काम आधी, मंजुरी नंतर) आहे, फक्त उलट्या बाजूने धार लावलेली. आपल्याकडे कार्योत्तर मान्यता लांबली तरी काम सहसा चालू राहतं. त्या कायद्यात लंडनचं मौन म्हणजे नकार होता. फाइल तिकडे पडून राहिली तरी बाराव्या महिन्याला इथल्या माणसाची नोकरी गेली. बोटीने टपाल जाणार आणि येणार, मधे कौन्सिलची बैठक होणार. असा काळ होता तो. नेमण्याचा अधिकार इथे, पण नेमणूक टिकवण्याचा अधिकार तिथे.

पुढची पायरी 1870 ची. त्या वर्षीच्या कायद्याच्या सहाव्या कलमाने सांगितलं, की गुणवत्ता सिद्ध केलेल्या हिंदी माणसाला लंडनची परीक्षा न देताही सनदी पदावर नेमता येईल. ऐकायला मोठी गोष्ट. पण अट अशी, की गव्हर्नर जनरलने कौन्सिलसह आधी नियम करायचे आणि त्या नियमांना भारतमंत्र्याने कौन्सिलच्या बहुमतासह मंजुरी द्यायची. प्रत्यक्षात चालतील असे नियम 1879 साली, लॉर्ड लिटनच्या काळात अमलात आले. म्हणजे कायदा झाल्यावर नऊ वर्षं. दरम्यान लंडनच्या परीक्षेची वयोमर्यादा 21 वरून 19 वर आणायचा निर्णय झाला होता. इथून जाणाऱ्या मुलांना ती परीक्षा जवळजवळ अशक्य झाली. 1879 च्या नियमांतून जी "स्टॅट्युटरी सिव्हिल सर्व्हिस" निघाली, तिच्यासाठी प्रांतिक सरकारने नाव सुचवायचं आणि वरून मान्यता यायची. घराणं पाहून नावं सुचवली जाऊ लागली, सुशिक्षितांना ती पसंत पडली नाही, आणि 1886-87 च्या एचिसन आयोगानंतर ती सेवाच बंद झाली.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. अधिकार खाली देताना नियमांची मंजुरी वर ठेवली, की दिलेला अधिकार वापरताच येत नाही. 1870 ते 1879 ही नऊ वर्षं त्याचा पुरावा आहेत. कायद्याच्या पुस्तकात अधिकार होता, वापरायला धड नियम नव्हते. "नियम विहित केल्यावर" हे तीन शब्द कुठल्याही अधिनियमात दिसले की तिथे थांबून पुढचं शोधायची सवय लावून घ्या.

1893 साली तर ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने, दादाभाई नौरोजी तिथे सभासद असताना, परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी असा ठराव केला. हिंदुस्थान सरकारने विरोध केला आणि ठराव कागदावर राहिला. म्हणजे लंडन नेहमी आडवं येई आणि इथलं सरकार उदार, असंही नव्हतं. गोऱ्या अधिकाऱ्यांचं इथलं सरकार कित्येकदा लंडनपेक्षा घट्ट मुठीचं होतं. नामदार गोखले सरकारी नोकऱ्यांवरच्या ज्या इस्लिंग्टन आयोगावर होते, त्याचं काम 1912 साली सुरू झालं. अहवाल प्रसिद्ध झाला 1917 साली, गोखले गेल्यानंतर दोन वर्षांनी. एकत्र परीक्षा हिंदुस्थानात व्हायला 1922 उजाडलं. ती अलाहाबादला झाली.

आता मुद्द्याचा काळ, 1919 ते 1926.

1919 च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, शेती, आरोग्य ही "सोपीव" खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. पोलीस, महसूल, अर्थ ही "राखीव" खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. तेव्हा प्रश्न उभा राहिला: मंत्री हिंदी, त्याच्या हाताखालचे वरिष्ठ अधिकारी भारतमंत्र्याने नेमलेले, मग हुकूम कोणाचा चालणार? उत्तर 96-ब या कलमात आहे. मुलकी नोकर बादशहाच्या मर्जीपर्यंत पदावर राहील, पण ज्याने त्याला नेमलं त्याच्यापेक्षा खालचा अधिकारी त्याला बडतर्फ करू शकणार नाही. सेवांचं वर्गीकरण, भरती, पगार, शिस्त यांचे नियम भारतमंत्री कौन्सिलसह करील. आणि असे नियम करण्याचा अधिकार तो हिंदुस्थान सरकारला किंवा प्रांतिक सरकारांना देऊ शकेल. तुमच्या प्रश्नातला "अधिकार दिला" तो या शेवटच्या वाक्यातून आला आहे. पण बडतर्फीचं वाक्य त्याच कलमात वर बसलेलं आहे, आणि ते पार्लमेंटचं वाक्य आहे. भारतमंत्र्याने केलेल्या नियमाने ते हलत नाही.

मंत्र्याची प्रत्यक्ष स्थिती काय होती ते डिव्होल्यूशन नियमांतल्या (केंद्र आणि प्रांत यांच्यात विषय वाटून देणाऱ्या नियमांतल्या) दहाव्या नियमात दिसतं. अधिकाऱ्याच्या पगाराला किंवा पेन्शनला धक्का लावणारा हुकूम, ठपका, किंवा त्याच्या अर्जावरचा प्रतिकूल निर्णय गव्हर्नरच्या व्यक्तिगत संमतीशिवाय काढता येत नसे. अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्याची नुसती बदलीही तशीच. शिवाय खात्याचा सचिव गव्हर्नरला थेट भेटू शकत असे. मंत्र्याला न सांगताही त्याचं म्हणणं वर पोचे. ज्या मंत्र्याला आपल्या खात्यातला अधिकारी एका जागेवरून दुसरीकडे हलवता येत नाही, तो खातं चालवणार कसं?

ली आयोगाने 1924 साली यावर जी तोड काढली तिचं सूत्र साधं होतं. राखीव बाजूच्या सेवा, म्हणजे आय.सी.एस., इंडियन पोलीस, पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर, या भारतमंत्र्यानेच भराव्यात. सोपीव बाजूच्या, म्हणजे शिक्षण, शेती, पशुवैद्यक, रस्ते-इमारती, यांची पुढची भरती प्रांतांनी करावी. केंद्रीय सेवांच्या नेमणुका, राजकीय खात्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, हिंदुस्थान सरकारने कराव्यात. आय.सी.एस.मध्ये पंधरा वर्षांत निम्मे हिंदी, पोलिसांत पंचवीस वर्षांत. आणि 1919 च्या कायद्यात लिहूनही न झालेला लोकसेवा आयोग ताबडतोब नेमावा. तो 1 ऑक्टोबर 1926 ला सुरू झाला. त्याच वर्षीच्या अधिकार-प्रदान नियमांनी प्रांतांना आपापल्या प्रांतिक सेवांचे नियम करायचा अधिकार मिळाला.

मुंबई इलाख्याचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्याकडचं आहे आणि वेगळं आहे. बाकीच्या प्रांतांत जंगल खातं राखीव असताना मुंबईत ते सोपीव होतं. त्यामुळे ली आयोगाच्या सूत्राप्रमाणे मुंबईच्या वन सेवेतली पुढची वरिष्ठ भरती मुंबई सरकारकडे आली (ब्रह्मदेशातही तसंच). आता खात्यातलं चित्र बघा. एकाच खात्यात, एकाच हुद्द्यावर दोन अधिकारी. एक जुना, भारतमंत्र्याने नेमलेला. दुसरा नवा, मुंबई सरकारने नेमलेला. काम तेच, जंगल तेच, गणवेश तोच. नव्याला काढण्याचा अधिकार मुंबई सरकारला. जुन्याला काढायचं तर लंडन. जुन्याचे सगळे हक्क कायम, कारण आधी नेमलेल्यांचे चालू हक्क अबाधित राहतील असं कायद्यातच लिहिलेलं होतं. म्हणजे अधिकार दिला तो पुढच्या माणसांपुरता. जे आधीच आत होते ते निवृत्त होईपर्यंत लंडनचेच राहिले, आणि एका अधिकाऱ्याची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची धरली तर 1924 ला दिलेला अधिकार पूर्णपणे हातात यायला 1954 ते 1959 उजाडलं असतं.

आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे अभ्यासकांचं लक्ष फारसं जात नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: पगारावरचं मतदान. 1919 च्या कायद्यात विधिमंडळाला खर्चाच्या मागण्यांवर मत देता येई, पण काही खर्च मताबाहेर होते. त्यांत "बादशहाने किंवा त्याच्या मान्यतेने, किंवा भारतमंत्र्याने कौन्सिलसह नेमलेल्या" व्यक्तींचे पगार आणि पेन्शनी होत्या. ही शब्दरचना नीट वाचा. अधिकाऱ्याचा पगार लोकप्रतिनिधींच्या मताला लागतो की नाही, हे त्याच्या कामावर ठरत नव्हतं. त्याच्या नेमणुकीला मान्यता कोणी दिली यावर ठरत होतं.

मग नेमणुकीचा अधिकार हिंदुस्थान सरकारला दिला की काय होणार? त्या अधिकाऱ्याचा पगार विधिमंडळाच्या मताखाली येणार. लंडनमधल्या सही करणाऱ्याचा हात इथे अडत होता, आणि इथल्या अधिकाऱ्यांनाही आपली नेमणूक "खालून" झालेली नको होती. 1925 साली पार्लमेंटने दुरुस्ती करून ही फट बुजवली: 1 एप्रिल 1924 च्या आधी हिंदुस्थान सरकारने किंवा प्रांतिक सरकारने वरिष्ठ म्हणून वर्गीकृत सेवांत नेमलेल्यांचे पगारही मताबाहेर गेले. एका हाताने नेमणूक खाली दिली, दुसऱ्या हाताने पगार विधिमंडळाच्या हातून काढून घेतला. 1924 च्या सप्टेंबरात मोतीलाल नेहरूंची ली अहवालाविरुद्धची सूचना केंद्रीय विधिमंडळाने मंजूर केली होती, तरी शिफारशी अमलात आल्याच. त्याआधी दोन वर्षं, 1922 च्या ऑगस्टमध्ये, लॉइड जॉर्जने सनदी सेवेला सगळ्या इमारतीची "पोलादी चौकट" म्हटलं होतं. हे सगळं त्या चौकटीच्या रक्षणासाठी चाललं होतं.

मी हे सगळं इतकं खोलात का सांगतो आहे, तर 96-ब मधलं ते बडतर्फीचं वाक्य मी रोज वापरलं आहे. नोकरीत असताना एका जिल्ह्याच्या कचेरीतून एक प्रकरण माझ्याकडे आलं. एका कर्मचाऱ्यावर गैरव्यवहाराचा आरोप, चौकशी व्यवस्थित झालेली, साक्षीदार तपासलेले, दोष सिद्ध. खातेप्रमुखांनी बडतर्फीचा आदेश काढला. मी त्याचं सेवापुस्तक उघडलं. पहिल्या पानाला जोडलेला नेमणुकीचा आदेश पिवळा पडलेला होता, टाचणीच्या जागी गंजाचा डाग. शेवटी लिहिलं होतं, "शासनाच्या आदेशानुसार व नावाने". म्हणजे नेमणूक शासनाने केलेली. नंतर कधीतरी त्या संवर्गाच्या नेमणुकीचा अधिकार शासन निर्णयाने खातेप्रमुखांना दिला होता आणि कचेरीने गृहीत धरलं, की आता काढायचाही अधिकार त्यांचाच. मी टिपणीत लिहिलं की हा आदेश टिकणार नाही. तोवर आदेश निघून गेला होता. न्यायाधिकरणाने तो एका परिच्छेदात रद्द केला. चौकशीच्या गुणवत्तेत शिरायचीही गरज पडली नाही. वाईट वाटलं, कारण दोष खरा होता आणि इतक्या लोकांची मेहनत पहिलं पान न बघितल्यामुळे वाया गेली.

ही गोष्ट नवी नाही. मद्रासच्या रंगाचारी नावाच्या पोलीस सब-इन्स्पेक्टरचा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायासनापर्यंत गेला होता. तो 1937 च्या निवाडासंग्रहात छापलेला आहे. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने त्याला बडतर्फ केलं होतं. सरकारचं म्हणणं होतं की तो अधिकार खाली दिलेला आहे. प्रिव्ही कौन्सिलने ते मानलं नाही. नियम बदलत राहतात, पण बडतर्फीची अट कायद्यानेच घातलेली आहे, तिला नियमाने ओलांडता येत नाही. बडतर्फी मुळातच निष्प्रभ. ज्या वाक्याचा हेतू गोऱ्या कलेक्टरला हिंदी मंत्र्यापासून वाचवायचा होता, ते वाक्य लंडनच्या न्यायासनाने एका हिंदी फौजदाराच्या बाजूने वापरलं.

1935 च्या कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो. भारतमंत्र्याकडे थेट भरतीसाठी तीनच सेवा उरल्या: आय.सी.एस., इंडियन पोलीस आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसची मुलकी शाखा. संख्या कमी झाली, पण पकड सैल झाली नाही. कलेक्टरसारखी पदं "राखीव पदं" म्हणून ठेवली गेली. भारतमंत्र्याच्या पूर्वमंजुरीशिवाय असं पद तीन महिन्यांहून जास्त रिकामं ठेवता येत नसे. 1937 ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, सगळी खाती मंत्र्यांकडे गेली, तरी या अधिकाऱ्यांची बढती, तीन महिन्यांहून मोठी रजा आणि निलंबन गव्हर्नरच्या स्वतःच्या निर्णयावर होतं. मंत्री सल्ला देत, निर्णय गव्हर्नरचा. 1938 साली ओरिसात तर गव्हर्नर हबॅक रजेवर जाणार म्हणून त्याच प्रांतातल्या डेन नावाच्या सनदी अधिकाऱ्याला हंगामी गव्हर्नर नेमायचं ठरलं. काल जो आपल्या हाताखाली होता तो उद्या आपल्या वर बसणार, हे विश्वनाथ दास यांच्या मंत्रिमंडळाने मान्य केलं नाही आणि राजीनाम्याची तयारी केली. शेवटी हबॅकने रजाच रद्द केली.

या सेवांतले हिंदी अधिकारी परक्यांचे हस्तक होते, असा अर्थ मात्र यातून काढू नका. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख 1918 साली लंडनच्या परीक्षेत पहिले आले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात रुजू झाले. त्यांचा करार भारतमंत्र्याशीच होता. त्यांनी देशासाठी काय केलं ते आपल्याला माहीत आहे. करार कोणाशी होता हा कायद्याचा प्रश्न आहे, निष्ठा कोणाशी होती हा वेगळा.

आता तुमच्या अभ्यासासाठी. भारतमंत्र्याच्या सेवा 15 ऑगस्ट 1947 ला संपल्या. त्याआधी, 1946 च्या ऑक्टोबरात, सरदार पटेलांनी प्रांतांच्या पंतप्रधानांच्या (आजच्या भाषेत मुख्यमंत्र्यांच्या) परिषदेत नव्या अखिल भारतीय सेवांना संमती मिळवली होती, आजच्या आय.ए.एस. आणि आय.पी.एस. तिथून सुरू होतात. जुन्या आय.सी.एस. अधिकाऱ्यांच्या सेवाशर्ती घटनेच्या अनुच्छेद 314 ने सांभाळल्या. तो 1972 साली रद्द झाला. 96-ब मधलं ते वाक्य मात्र गेलं नाही. 1935 च्या कायद्यात ते 240 व्या कलमात आलं आणि घटनेत अनुच्छेद 311 च्या पहिल्या खंडात आहे. ज्याने नेमलं त्याच्यापेक्षा खालच्या प्राधिकाऱ्याने काढता येणार नाही. आता ते तलाठ्यालाही लागू आहे आणि सचिवालाही.

1919 च्या कायद्याची आणि 1930 च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांची प्रत मिळवा. कुठलीही सेवा घ्या आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून काढा: नेमणारा कोण, नियम करणारा कोण, काढणारा कोण, अपील ऐकणारा कोण. मग शेजारी पगार मताखाली की मताबाहेर ते लिहा. आय.सी.एस.साठी आणि मुंबईच्या वन सेवेतल्या नव्या भरतीसाठी असे दोन कागद केलेत, की परीक्षेत या प्रश्नाला दहा गुणांचं उत्तर तुम्हाला पाठ करावं लागणार नाही.